पावणं, तापमान किती?

आमच्या दुकानात शिरणारा माणूस आधी मालकाला शोधायचा. काउंटरला मी बसलेली, माझ्या मागं छतापर्यंत नटबोल्टांचे खण, हातात माप घ्यायचा कॅलिपर, तरी तो माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, "मालक न्हाईत काय?"

"आहेत की. आत पेपर वाचतायत."

मग तो आत जायचा. आमचे मालक अण्णा पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "बाईंना इचारा." पावणं परत माझ्यापुढं, आता चेहरा जरा पडलेला. एवढं झालं की मी माझा पहिला प्रश्न टाकायचे, "तापमान किती?"

इथं निम्मी माणसं हसायची. एकानं तर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "न्हाई बाई, बरा हाय मी."

उद्यमनगरातल्या त्या दुकानात मी टायपिस्ट म्हणून लागले होते. पुढं टाइपरायटर भंगारात गेला, मी काउंटरवर आले आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. लग्नकार्यात कुणी ओळख करून देतं, "ह्या कांबळेबाई, ह्या नटबोल्ट विकायच्या," आणि मग पुढं काय बोलावं ते समोरच्या बाईला सुचत नाही. ती लगेच जेवणाची चौकशी करते. त्यात न सुचण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कळलेलं नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

लोखंड सगळीकडं सारखंच, असं लोकांना वाटतं. नसतं. लोखंड गुळासारखं असतं. गुऱ्हाळात काहिलीतला गूळ बघा, ओढाल तसा लांबतो. तोच गूळ फ्रीजमध्ये ठेवा आणि बत्त्यानं हाणा, घरभर ठिकऱ्या उडतील. साधा बोल्ट भट्टीच्या तोंडाशी लावला तर तो हळूहळू मऊ पडतो, लांबतो आणि पकड सोडतो. फार गारठ्यात लावला तर वरून होता तसाच दिसतो आणि एका दणक्यात तुटतो. भट्टीसाठी वेगळ्या जातीचं पोलाद लागतं, गारठ्यासाठी स्टेनलेस. कुठला बोल्ट कुठल्या जातीचा, ते त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. माणसाची जात विचारू नये हे मला बापानं शिकवलं. बोल्टची मात्र विचारावीच लागते. डोक्यावर अक्षर नसेल तो बोल्ट बेवारस समजायचा आणि फार तर गेटला लावायचा.

हे सगळं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. गुळासकट. दुकानातला हमाल माझं गुळाचं पुराण सुरू झालं की चहा प्यायला जायचा आणि संपायच्या बेताला बरोबर परत यायचा. जुनी गिऱ्हाइकं घाईत असली की आधीच हात जोडायची, "बाई, गूळ ठावं हाय आमाला, बोल्ट द्या."

न ऐकणारे होतेच. एक बेकरीवाला आला. त्याच्या ट्रॉलीचं चाक सारखं निखळत होतं, त्याला ढिला न होणारा नट पाहिजे होता.

"तापमान किती?"

"ट्रॉलीला कसलं तापमान? ट्रॉली हाय ती."

"पण ट्रॉली जाते कुठं?"

"भट्टीत."

त्यानं मेव्हण्याच्या गॅरेजात एक नट बघितलेला. त्याच्या पोटात निळ्या प्लास्टिकचं कडं असतं, ते आटे घट्ट धरून ठेवतं. नट उत्तम, मोटारसायकलला लावावा. मी सांगितलं, भट्टीत ते कडं वितळणार. तो म्हणाला, "मोटार काय गार असती व्हय?" आणि सरळ आत अण्णांकडं गेला. अण्णांना भांडण नको असायचं. आतून आवाज आला, "बाई, द्या त्यास्नी पायजे त्यो."

चार दिवसांनी बेकरीवाला खारीचं पाकीट घेऊन हजर. काउंटरवर ठेवून म्हणाला, "वास घ्या." घेतला. जळक्या बादलीचा वास. "आख्खी गल्ली इचारतीया, डालडा बदललासा काय म्हणून!" मी त्याला सगळा धातूचाच असलेला, आटे आवळून धरणारा नट दिला. तेवढ्यात अण्णा आतून आले, त्यांनी पुराव्यातली निम्मी खारी खाल्ली आणि म्हणाले, "मला तर कायबी वास येत न्हाई."

एकदा शिरोलीच्या एका फौंड्रीतला फिटर आला. भट्टीच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला त्यानं माझ्याकडूनच चांगले स्टेनलेसचे बोल्ट नेले होते आणि आता ते उघडत नव्हते. स्टेनलेसवर स्टेनलेस आणि त्यात उष्णता, मग नट आणि बोल्ट एकमेकांना असे चिकटतात की गॅस कटरशिवाय सुटका नाही. त्याला एक पेस्ट लावायची असते, ती तेव्हा दुकानात संपलेली. मग मी त्याला जुन्या मिस्त्र्यांची युक्ती सांगितली: पोट साफ व्हायचं ते पांढरं औषध मिळतं ना, ते आट्यांना लाव आणि वाळू दे. खोटं नाही, खरोखर चालतं. तो थेट मेडिकलमध्ये गेला आणि त्यानं सहा बाटल्या मागितल्या.

"सा बाटल्या? किती जणांना तरास हाय?" मेडिकलवाल्यानं विचारलं.

"माणसाला न्हाई, बोल्टला."

"किती दिवस झालं?"

"सा म्हैनं झालं, जाम हाय."

मेडिकलवाल्यानं त्याला दवाखान्यात जायचा सल्ला दिला, असं तो फिटर नंतर सांगत होता. पुढच्या खेपेला नट हातानं सुटला आणि आम्हाला पेढे आले. औषधाचे पेढे आम्हीच पहिल्यांदा खाल्ले असतील.

कुठल्याशा नगरपालिकेचा एक माणूस डिझेलच्या शवदाहिनीच्या दारासाठी बोल्ट न्यायला आला होता. मी सवयीनं विचारलं, "आत तापमान किती असतं?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, आत गेल्यालं कुणी सांगाय परत आलं न्हाई." त्याला मी भट्टीचेच बोल्ट दिले. त्याची तक्रार कधीच आली नाही.

आणखी एक शत्रू सांगायचा राहिला, तो म्हणजे चुंबक. आमच्याकडं प्रत्येकाच्या खिशात जुन्या स्पीकरमधलं एक चुंबक असतं. स्टेनलेसचा बोल्ट दाखवला की ते बाहेर निघतं. थोडं जरी ओढलं तरी, "बाई, ह्यो डुप्लिकेट हाय!" अहो, बोल्टचं डोकं गार धातू ठोकून काढतात. त्या ठोकाठोकीत चांगल्या स्टेनलेसमध्येही थोडी ओढ येते. थोडी ओढ आणि कडक चिकटणं ह्यात फरक असतो, पण तो कोण बघतो? मी काउंटरवर पाटीच लावली होती: 'चुंबक खिशात ठेवा. डोक्यावरचं वाचा.' त्या पाटीचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचं काय झालं ते सांगते.

मलकापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, एक जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र चालवतात. चांगल्या वळूचं वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तो नायट्रोजन म्हणजे उणे एकशे शहाण्णव अंश. त्यांच्या केंद्रात त्याची एक मोठी टाकी आहे. टँकर येऊन ती भरतो आणि मग तिथून नळीनं लहान कॅन भरले जातात. त्या नळीच्या जोडावर आठ बोल्ट असतात. जोड उघडला की नवे बोल्ट लावायचे, असा डॉक्टरीणबाईंचा नियम.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांचा माणूस होता, सर्जेराव. शाहूवाडीकडचा, पन्नाशीचा, अंगानं काटक. टाकीचा व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं, कॅन भरणं हे सगळं त्याच्याकडं. मी रीतसर दहा प्रश्न विचारले. तापमान किती, दाब किती, जोड कशाचा, किती वेळा गार होतो नि परत तापतो. मग डोक्यावरचं 'ए-टू सत्तर', म्हणजे स्टेनलेसची जात, वाचून दाखवलं आणि गुळाचं पुराण लावलं. डॉक्टरीणबाई मोबाइलवर कुणाच्या तरी म्हशीची प्रसूती करवत होत्या. सर्जेराव रिकामं पोतं खांद्यावर टाकून उभा. मला वाटलं, हा पोत्यात काय भरायचं एवढ्याचीच वाट बघतोय.

हे झाल्याला दोन वर्षं होऊन गेली आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. पाने, स्क्रू ड्रायव्हर, वजनकाटा सगळं पुसून मांडायचं आणि पुढं नटबोल्टांची रांगोळी काढायची. रांगोळीचं काम दर वर्षी माझ्याकडं. अण्णांची अट एवढीच की रांगोळी "झ्याक" दिसली पाहिजे. त्या वर्षी मी चोवीस आऱ्यांचं चक्र काढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आमचा सण, अशोक विजयादशमी. मनात तेच होतं.

आऱ्यांना चार इंची बोल्ट पाहिजेत. स्टेनलेसचे बारा एमएमचे भरले सोळा. आठ कमी पडले, म्हणून त्याच मापाचे साधे, जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. पण रंगात फरक दिसायला लागला. स्टेनलेस पांढरा, जस्त निळसर. सोळा आरे एका तऱ्हेचे आणि आठ दुसऱ्या, हे काय चक्र झालं? मी चोवीसच्या चोवीस शेजारच्या बफिंगवाल्याकडं पॉलिशला पाठवले. सांगितलं, "सगळे सारखे दिसले पाहिजेत."

बफिंगवाला भला माणूस. पूजेचं काम म्हणून त्यानं जीव ओतला. जस्त गेलं, आतलं पोलाद चमकायला लागलं, डोक्यावरची अक्षरंही घासून गेली. चोवीस बोल्ट, चोवीस आरसे. चक्र मांडलं, मध्ये झेंडू ठेवला. अण्णा कमरेवर हात ठेवून पुढं उभे राहिले.

"बाई, गिअर एक नंबर काढलायसा!"

मी म्हटलं, "आवडला ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी मी पांढरी साडी नेसून विहारात गेले, खीर खाल्ली, सुनेबरोबर फोटो काढले. दुकानात अण्णांनी मुहूर्ताची विक्री केली आणि रांगोळी स्वतः उचलली. ते मालक, त्यामुळं त्यांना कुणी सांगायला गेलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्जेराव एकटाच आला. हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी: आठ बोल्ट, दोन जादा. मी सणाच्या गुंगीत. त्याला भाताचं विचारलं, पाऊस कसा झाला विचारलं. चिठ्ठी ओळखीची, माप ओळखीचं, खण ओळखीचा. डोक्यावर अक्षर नव्हतं ते दिसलं मला. पण ते आपणच घासून काढलंय, आणि स्टेनलेसच्या खणात दुसरं काय असणार? दहा मोजून दिले.

बोल्ट पोत्यात टाकून झाल्यावरही सर्जेराव काउंटरला टेकून तसाच उभा. माझ्या तोंडाकडं बघतोय. मला वाटलं, चहा पाहिजे असेल, लाजत असेल. चहा मागवला. तो प्याला, पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि "येतो बाई," म्हणून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी गेटसाठी साधे चार इंची बोल्ट मागायला आला. खण रिकामा. मी आत बघून ओरडले, "अण्णा, इथले आठ जस्ताचे कुठं गेले?"

"गिअरमधलं?" आतून पेपर उलटल्याचा आवाज. "ते सगळं एकसारखंच चकाकत हुतं की. चोवीसबी वरच्या खणात टाकलं मी."

वरचा खण म्हणजे स्टेनलेसचा. माझी पाचावर धारण बसली.

खणात चौदा उरले होते. अक्षरं नाहीत, रंग एक, चमक एक. ओळखायचे कसे? मी त्या शेतकऱ्याकडं वळले आणि आवाज खाली आणून विचारलं, "पावणं, तुमच्याकडं चुंबक हाय काय?"

त्यानं माझ्या पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खिशातून चुंबक काढून दिलं. भला माणूस. नऊ बोल्टांना जेमतेम ओढ होती. पाच खाडकन चिकटले. आठातले पाच इथं, म्हणजे तीन मलकापूरला गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी दुसऱ्यांना बऱ्याचदा ऐकवलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कुठल्या तरी वाडीवर लसीकरणाला गेल्या असणार. सर्जेरावचा नंबर माझ्याकडं नव्हता. मेसेज टाकला, त्यावर एकच बरोबरची खूण, ती दुसरी काही होईना. चिठ्ठीच्या तळाशी मात्र त्यांनी लिहिलेलं होतं: 'टँकर गुरुवारी दुपारी येणार आहे.' तो दिवस गुरुवार.

टँकर येणार, सर्जेराव व्हॉल्व्ह उघडणार. गारठ्यानं साधा बोल्ट कडक होणार. नळीला एखादा धक्का बसला की तो तुटला, एक तुटला की बाजूच्यावर भार. त्या गार नायट्रोजनचा फवारा कातडीवर आला तर भाजल्यासारखी जखम होते, डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि बंद खोलीत तो श्वासाची हवाच ढकलून देतो. मला समोर दुसरं काही दिसत नव्हतं, नुसता सर्जेरावचा चेहरा आणि ते खांद्यावरचं पोतं.

मी समोरच्या गल्लीतल्या दुकानात पळाले. तिथला मालक आमचा जुना स्पर्धक. म्हणाला, "कांबळेबाई, वाट चुकलासा काय?" त्याच्याकडून सीलबंद पुडा घेतला, तिथंच फोडला आणि एकेका बोल्टचं डोकं वाचायला लागले.

"आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"माझ्यावर नाही," मी म्हटलं.

परत आले तर अण्णांनी त्यांची जुनी व्हॅन काढून ठेवलेली. "चला बाई. उचलल्यालं मी हाय, मीच नेतो." त्यांच्या ह्या वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुढं तासाभरात पार आटलं. अण्णा व्हॅन चालवतात म्हणजे तिला फिरायला नेतात. तिसऱ्या गिअरच्या वर गाडी जाते, हे त्यांना मान्य नाही. रत्नागिरी रस्त्यावर आमच्या पुढून सायकलवाले गेले. वाटेत एक म्हातारबा हात करून उभे. अण्णांनी ब्रेक मारला.

"अण्णा, आता नको!"

"बाई, म्हातारं माणूस हाय. कुठं निघालासा पावणं?"

पावणं दोन किलोमीटरवर उतरले आणि अण्णांना घरी चहाला बोलवायला लागले. मी खिडकीतून दोन्ही हात जोडले. पुन्हा निघतोय तोच मागून कर्कश हॉर्न. एक पांढरा टँकर आम्हाला वळसा घालून पुढं गेला. मागच्या बाजूला निळ्या अक्षरात लिहिलेलं: द्रव नायट्रोजन.

"अण्णा! तो बघा, तोच!"

"जाऊ दे की. घाई हाय त्येला."

"अण्णा, सर्जेराव मरेल हो!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मी एकतीस वर्षांत न बघितलेली गोष्ट बघितली. अण्णांनी चौथा गिअर टाकला. व्हॅनच्या अंगाअंगातून आवाज यायला लागला. मागच्या दाराचा एक नट त्या दणक्यात कुठं तरी पडला, तो आम्हाला अजून सापडलेला नाही. नटबोल्टाच्या दुकानाची गाडी! पण टँकर काही दिसला नाही.

केंद्राच्या फाटकातून आत शिरलो तर टँकर लागलेला. मी व्हॅन थांबायच्या आत उतरले, "सर्जेराव, थांबा! उघडू नका!" असं ओरडत पळाले. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईनं साडी धरून असं पळू नये. टँकरचा ड्रायव्हर सावलीला बसून चहा पीत होता. तो घाबरून उभाच राहिला. "कुणी काय उघडलंय? तासभर झालं नुसता बशिवलाय मला!"

तो तास काही खरा नव्हता, पण मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

सर्जेराव शेडमध्ये होता. जोड सुटा, नळी बाजूला, व्हॉल्व्ह बंद. शेडमधल्या बाकावर शिकंजा आणि त्याच्या शेजारी दोन बोल्ट. एक वाकलेला. दुसऱ्याचे सरळ दोन तुकडे.

"आलासा?" तो म्हणाला. जसं काही मी येणारच होते.

"सर्जेराव, हे काय?"

"कॅनमधल्या नायट्रोजनात बुडीवलं, शिकंज्यात धरलं आनि हातोडा घातला. पैला वाकला. दुसरा चिक्कीगत तुटला. मग म्हटलं, काम बंद. मॅडमना फोन लागंना. तुमच्या पावतीवरचा नंबर लावला, तर त्यो लागतच न्हाई."

पावतीवर अजून दुकानाचा जुना लँडलाइन नंबर छापलेला होता. तो बंद होऊन वर्षं झाली होती. अण्णा माझ्या मागं येऊन उभे होते, त्यांनी छताकडं बघितलं.

माझा जीव भांड्यात पडला, पण एक गोष्ट कळेना. दहा बोल्ट, सगळे आरशासारखे. त्यातले दोन तोडून बघायची बुद्धी ह्याला झाली कशी? मी विचारलं.

सर्जेराव जरा अवघडला. पोत्याला हात पुसले.

"राग मानू नका बाई. मागच्या येळंला तुमी मला धा प्रश्न इचारलासा. डोक्यावरचं वाचून दावलासा. लोखंड गुळागत असतंय म्हणून सांगितलासा. ह्या येळंला कायबी न्हाई. भाताचं इचारलासा, पावसाचं इचारलासा. मी हुबाच हुतो की, म्हटलं आता इचारतील, मग इचारतील. तुमी च्या पाजलासा. येताना एस्टीत मनात आलं, कांबळेबाईंनी तापमान इचारलं न्हाई, म्हंजी कायतरी हुकलंय."

मी तिथल्या पिंपावर बसले. इतक्या वर्षांत माझं पुराण शेवटपर्यंत ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि तो पोतं खांद्यावर टाकून उभा होता. मला रडू आलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढून दिला, त्याला ग्रीसचा वास येत होता.

नवे बोल्ट लावायच्या आधी सर्जेरावनं त्यातलाही एक मागून घेतला. बुडवला, धरला, हातोडा घातला. तो वाकला, तुटला नाही. "आता हुईल," म्हणाला. टाकी भरून होईपर्यंत आम्ही थांबलो. अण्णा त्या वेळात सगळं केंद्र हिंडून आले आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बाई, पर वळू कुठंबी दिसंना." मी त्यांना कॅन दाखवला. ते त्याच्याकडं बराच वेळ आदरानं बघत होते.

दुकानात परत आल्यावर मी आधी ती चुंबकाची पाटी काढली. अण्णांनी पावत्या नव्या छापून घेतल्या. पुढच्या खंडेनवमीपासून रांगोळी झेंडूच्या फुलांची झाली. मी चक्रच काढायचे, अण्णा त्याला गिअरच म्हणायचे. प्रश्न मात्र मी एकालाही सोडला नाही. पाळण्याच्या कडीला बोल्ट न्यायला आलेल्या एका नव्या बापालाही मी विचारलं, "तापमान किती?" तो म्हणाला, "बाळाचं? नॉर्मल हाय की."

गेल्या वर्षी मला शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता काउंटरला एक हुशार मुलगी आहे. ती माप कॉम्प्युटरवर टाकते आणि खणाचा नंबर निघतो. चुकत नाही ती, पण विचारतही नाही. मी दोनदा तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, "काकू, सगळं सिस्टीममध्ये आहे." असेलही. मला घरी करमत नाही, हे मात्र कुठल्याच सिस्टीममध्ये नाही.

परवा दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बाई, सर्जेराव बोलतोय. दुकानात आलतो बोल्ट न्यायला. नंबर हितल्या पोरीकडनं घेतला."

"मिळाले की नाही?"

"मिळालं की. पोत्यातबी टाकलं." मागं रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. तो दुकानाच्या पायरीवरच उभा असणार. "पर हितं कुणी कायच इचारना झालंय. असं न्यायला बरं वाटंना. तुमीच इचारा."

मी खुर्चीत नीट बसले. चष्मा लावला, कशाला ते मला माहीत नाही.

"तापमान किती?"

"उणे एकशे शहाण्णव."

"डोक्यावर काय लिहिलंय?"

पोतं उघडल्याचा आवाज आला. तो एकेक वाचत गेला, दहाच्या दहा. "ए-टू सत्तर. ए-टू सत्तर. ए-टू सत्तर..."

"लोखंड कशासारखं असतं?"

"गुळागत, बाई."

"मग न्या," मी म्हटलं.